कारागृहाचे प्रारूप: वाटा आधी, भिंती नंतर

बडोद्यात नव्याने व्यवसायाला लागलेल्या वास्तुविशारदाला मी सुचवेन की, कारागृहाचे प्रारूप संगणकावर उभे करताना भिंतींपासून सुरुवात करू नका. प्रथम कैदी, कर्मचारी, भेटीस येणारे नातेवाईक आणि स्वयंपाकघराचा माल यांच्या वाटा वेगवेगळ्या रंगांत आखा. त्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथेच दरवाजे आणि पहारा लागतो. कोठडी एकदाच नीट घडवून तिचा घटक (प्रारूपात पुन्हा पुन्हा वापरता येणारा नमुना) करा, म्हणजे एका जागी केलेली दुरुस्ती सर्वत्र उतरते. दार मात्र बाहेर उघडणारे किंवा सरकते ठेवा, कारण आत उघडणारे दार आतून अडवता येते. मग पहारेकऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर प्रारूपातला कॅमेरा ठेवून आडोसे शोधा. पोर्ट ब्लेअरच्या, 1906 मध्ये पूर्ण झालेल्या सेल्युलर जेलमध्ये मध्यवर्ती मनोऱ्यापासून सात शाखा निघत आणि एकीच्या कोठड्यांसमोर दुसरीची पाठ येई. देखरेखीसाठी ती रचना चोख होती, परंतु माणसांना एकमेकांपासून तोडणे हाही तिचा हेतू होता, म्हणून तिचे अनुकरण मला मान्य नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पश्चिमेचे ऊन अडते का आणि नैऋत्येचा वारा बराकीतून आरपार जातो का, हेही त्याच प्रारूपात तपासा. फाइल खुल्या दुव्यावरून कोणालाही पाठवू नका.