पोलीस ठाण्यात जाताना मधला माणूस कशाला?

या खेपेच्या वाचकांच्या टपालातही तेच. गाव बदलतं, ‘मधला माणूस’ मात्र बऱ्याच पत्रांत आहेच.

प्र. एफआयआरची प्रत काढून द्यायचे एकजण ५०० रुपये मागतो. द्यावे का? (चिखली)

नाही. फिर्यादीला प्रत लगेच आणि फुकट मिळते.

प्र. वावरातल्या मोटारीची केबल चोरीला गेली, बारा दिवस झाले. पुढाऱ्याकरवी जमादाराला सांगून ठेवलं आहे. काहीच हालचाल नाही. (कास्तकार, दारव्हा)

कशी होणार? ‘सांगून ठेवलं’ याची ठाण्यात नोंद होत नसते. तीस वर्षं खाकीत काढून सांगतो, तोंडी तक्रार ही पोलिसाची सोय असते, तुमची नव्हे. बारा दिवसांत तार जाळून तांबं भंगारात गेलंसुद्धा असेल. पहिल्याच सकाळी स्वतः जायचं होतं, सोबत पोलीस पाटील. तो १९६७ च्या कायद्याने नेमलेला असतो, पुढाऱ्याने नव्हे. ‘आमची हद्द नाही’ हे ऐकून परतू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाचा नवा कायदा) कलम १७३ प्रमाणे दखलपात्र, म्हणजे पोलिसांना हुकुमाशिवाय तपास करता येतो अशा, गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्याने घ्यायची असते. मेख पुढेच आहे. ५,००० रुपयांच्या आतली चोरी आता अदखलपात्र धरतात; मग मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय तपास नाही. म्हणून किंमत दाखवायला केबलची बिलं न्या. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर सही-शिक्का घ्या. अर्ज घेतलाच नाही, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. मजकूर आधी वकिलाला दाखवा.

प्र. चौदा वर्षांच्या मुलीची छेड काढली. तंटामुक्ती समिती ‘गावातच मिटवू’ म्हणते. (तुमसर)

२००७ ची तंटामुक्ती मोहीम धुऱ्याबांधाच्या भांडणांसाठी बरी. पॉक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचा, गुन्हा समितीला मिटवता येत नाही. माहीत असून न कळवणं हाही गुन्हाच. आजच ठाण्यात जा. तालुका विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो.

प्र. मुलं पळवणारी टोळी फिरते असा मेसेज आहे. पोरं काठ्या घेऊन पहारा देतात. चालेल? (अचलपूर)

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेने पाच भिक्षेकरी ठेचून मारले गेले. पानठेल्यावरच्या बातमीवर काठी उचलू नका. संशय आला तर पोलीस मदतीचा ११२ नंबर लावा. गस्त हवीच असेल तर ठाणेदाराला विचारून.

प्र. आईला साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावलंय. जावंच लागेल? (आर्वी)

नाही, महिलेचा जबाब राहत्या घरी घ्यायचा असतो. नोटीस मात्र वकिलाकडून वाचून घ्या. साक्षीदार की आरोपी, ते तिच्यातच कळेल.