‘मला केमो झेपेल का?’

कॅन्सर असल्याचा बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडून आठवडाही झालेला नसतो आणि समोर बसलेली बाई विचारते, “मला केमो झेपेल का?” रुग्णांशी बोलण्याच्या माझ्या कामात हा प्रश्न इतक्यांदा कानावर आलाय, की आता त्यामागचं वाक्य आधी ऐकू येतं: “मला झेपणारच नाही.” म्हणून “झेपेल हो, काळजी करू नका” असं मी म्हणत नाही. “पॉझिटिव्ह राहा” तर मुळीच नाही. आजारी माणसाच्या डोक्यावर हसत राहण्याचंही ओझं कशाला? भीती वाटणारच. त्या भीतीच्या पोटात दडलेलं ठाम वाक्य मात्र बाहेर काढून तपासायचं, यावर माझा भरवसा आहे.

चाळिशीतल्या एका शिक्षिकेचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ऑपरेशनआधी केमो ठरली होती. दर २१ दिवसांनी एक असे ४ डोस, मग दुसऱ्या औषधाचे दर आठवड्याला एक असे १२.

“सहा महिने अंथरुणावर काढायचे म्हणजे…”

“सहाही महिने? कोण म्हणालं?”

“म्हणायला कशाला हवं? मावशीच्या उलट्या पाहिल्यात मी. शाळेत होते तेव्हा.”

उलटी रोखणारी आजची औषधं तेव्हा सर्रास मिळत नव्हती. पण हे नुसतं ऐकवून भीती जात नाही. मी त्यांच्यापुढे चौकटीचा कागद ठेवला आणि २१ घरं आखायला सांगितलं. डॉक्टरांनी काय काय सांगितलंय ते आठवून त्याच भरू लागल्या. पहिले दोन दिवस स्टेरॉइडमुळे झोप कमी. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी मळमळ, गळून गेल्यासारखं. साधारण ७ ते १४ या दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी, म्हणजे गर्दी टाळायची. पंधराव्या घराशी पेन्सिल थांबली.

“इथे काय लिहू?”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“बऱ्याच जणींना या आठवड्यात बरं वाटतं म्हणाले.” मग बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. “म्हणजे यातले काही दिवस माझे आहेत.”

त्यांच्या भीतीला तारखाच नव्हत्या. सहा महिन्यांचा एकच काळा दगड होता, तो घराघरांत फुटला. समजुतीच्या शंभर शब्दांनी जे होत नाही, ते माणसाने स्वतःच्या हाताने भरलेल्या एका कागदाने होतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

कागद मग कामाचा झाला. उलटीच्या गोळ्या मळमळ सुरू होण्याची वाट न बघता सांगितलेल्या वेळेला घ्यायच्या. लाल रंगाचं औषध असेल तर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे. मऊ ब्रश, मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, आणि दातांचं काही काम असेल तर डॉक्टरांना विचारून केमोआधीच. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ताप. थर्मामीटर उशाशी हवा. १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा जास्त ताप दिसला, तर मध्यरात्रसुद्धा असो, लगेच हॉस्पिटलला फोन. डॉक्टरांशी न बोलता पॅरासिटामॉल घेऊ नये. ताप दबतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. “सकाळी बघू” इथे चालत नाही. आणि त्रास कमी झाला म्हणजे औषध लागू पडत नाही, हा समज चुकीचा आहे.

केसांचा विषय त्यांनी शेवटी काढला. “माझं काही नाही. मुलगा घाबरेल.” तो नऊ वर्षांचा. केस पहिल्या डोसनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी जायला लागतात, म्हणून त्याच्याशी त्याआधीच बोलायचं ठरलं. आजाराचं नाव घेऊन सांगायचं. तुझ्यामुळे झालेलं नाही, जवळ बसल्याने लागत नाही, औषधाने केस जातील आणि उपचार संपल्यावर परत येतील. नाव लपवलं की मुलं त्याहून भयंकर काहीतरी मनाशी रचतात. त्याने एकच विचारलं: “शाळेत कोणाला सांगू का?” त्यांनी ते त्याच्यावर सोडलं.

दुसऱ्या डोसआधी त्यांनी भरलेला कागद डॉक्टरांपुढे ठेवला. चौथ्या दिवशी उलट्या किती आणि केव्हा, हे नेमकं लिहिलेलं पाहून डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. दुसऱ्या औषधाच्या १२ आठवड्यांसाठी बाईंनी नवा कागद आखला. प्रत्येक घरात एकच नोंद: बोटांना मुंग्या, बधिरपणा, आहे की नाही, शर्टाची बटणं लावता येतात की नाही. ही तक्रार सोसत बसायची नसते. वेळेवर सांगितली तर डोस बदलता येतो.