इंग्लंडला येऊ पाहणाऱ्या एका भगिनीस: घर, मंडळी आणि मुलांचा विश्वास

प्रिय भगिनी,

ख्रिस्तामध्ये सलाम.

तुम्ही नगरला मिशनच्या रुग्णालयात परिचारिका आहात, यजमान मराठी शाळेत शिक्षक आहेत, मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा आहे, सासूबाई तुमच्याजवळच असतात, आणि आता इंग्लंडमधील एका सरकारी रुग्णालयाचे नोकरीचे पत्र तुमच्या हाती आले आहे. तरीही तुम्ही पगाराविषयी एक शब्द विचारलेला नाही. मुलांचा विश्वास तिकडे टिकेल का, आपल्यासारखी मंडळी, म्हणजे चर्चची संगत, मिळेल का, यजमानांचा जीव रमेल का आणि मुलांना बरोबरच आणावे की मागाहून, एवढेच तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी सोलापूरची, मीही परिचारिका म्हणूनच इथे आले आणि आज कॉव्हेंट्रीमध्ये आम्ही दोघे मिळून आमची मुले वाढवत आहोत. त्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देते.

सर्वांत महत्त्वाचे आधी सांगते. आपल्याकडे मुलांना विश्वासात वाढवण्याचे निम्मे काम मंडळी करत असते आणि ते इतक्या सहज होते की आईच्या ते लक्षातही येत नाही. रविवारी शब्बाथशाळेचे शिक्षक पाठांतर करून घेतात, महिला मंडळाची प्रार्थनासभा आज या घरी तर पुढच्या वेळी त्या घरी भरते आणि मुले तिथेच सतरंजीवर खेळता खेळता गीते पाठ करतात, कापणीच्या सणाला कोणी भोपळा आणतो, कोणी कोंबडी आणतो आणि त्यांचा लिलाव पाहत मुले देणे म्हणजे काय ते शिकतात, नाताळात गाणाऱ्यांचा जथा दारी आला की मध्यरात्रीही घरातले दिवे लागतात. इथे यातले काहीही आपोआप होत नाही. चर्च आहे, उपासना आहे, प्रेमळ माणसेही आहेत. पण मुलांना हाताला धरून तिथवर न्यायचे आणि घरी आल्यावर त्याचा धागा पुढे चालवायचा, हे काम सर्वस्वी आईबापांवर येते. ते अंगावर घेण्याची तयारी असेल तर मुलांचा विश्वास इथेही टिकतो, आणि कधी कधी तो अधिक समजून-उमजून धरलेला असतो, असे मी माझ्या मुलांकडे पाहून म्हणते.

म्हणून येण्यापूर्वीच दोन गोष्टी घरात ठरवून टाका. पहिली, घरापासून चालत जाता येईल असे पॅरिश चर्च, म्हणजे त्या वस्तीचे स्थानिक चर्च, हेच तुमचे चर्च. आपल्या भाषेची उपासना मिळावी म्हणून दोन शहरे ओलांडून जाणारी कुटुंबे मला ठाऊक आहेत आणि त्यांची ओढ मला पूर्ण समजते. पण पाऊस, कामाच्या पाळ्या आणि बसचे भाडे यांमुळे असे जाणे महिन्यातून एकदाच होते आणि उरलेले रविवार रिकामे जातात. दूरच्या संगतीला महिन्यातून एकदा अवश्य जा, मात्र मुलांचे नाव ज्या चर्चमधल्या लोकांना माहीत आहे ते चर्च जवळचेच हवे. दुसरी गोष्ट, रात्रीची कौटुंबिक प्रार्थना मराठीतच होईल. एक गीत, शास्त्रातील थोडासा भाग आणि प्रत्येकाची स्वतःच्या शब्दांतली प्रार्थना, इतकी छोटी असली तरी चालेल. शाळा सुरू झाली की मुले थोड्याच काळात आपसात इंग्रजी बोलू लागतात, आणि मग मराठीत मनापासून बोलण्याची जागा म्हणून प्रार्थनाच उरते. आमच्याकडे धाकटा दिवसभर इंग्रजी बोलतो, पण आजीसाठी प्रार्थना करताना आपण होऊन मराठीवर येतो. गीतांचे पुस्तक प्रत्येकासाठी वेगळे आणा, कारण ज्याच्या हातात पुस्तक असते तोच गातो.

मंडळीविषयी तुमच्या मनात जी शंका आहे, म्हणजे आपण चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, आपल्याला ते परके मानतील का, तिचे उत्तर सोपे आहे. आपले चर्च 1970 साली नागपूरला वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन स्थापन झाले आणि ते चर्च ऑफ इंग्लंडशी नाते असलेल्या चर्चच्या जगभरच्या अँग्लिकन परिवाराचे घटक आहे. त्यामुळे चर्च ऑफ इंग्लंडमध्ये तुम्ही पहिल्याच रविवारी प्रभुभोजन घेऊ शकता. तरीही पाळकसाहेबांकडून शिफारसपत्र आणि चौघांचे बाप्तिस्म्याचे दाखले आणाच, तुमच्या दोघांच्या दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) दाखला असल्यास तोही घ्या. उपासना साधारण तासाभरात आटोपते, पेटी-तबला नसतो, ऑर्गन असतो, आणि बाकांवर बसलेल्यांपैकी बरेच जण वयस्कर असतात. पहिल्यांदा हे पाहून मन खट्टू होईल. पण जिथे लहान मुले आहेत अशा इथल्या कित्येक मंडळ्यांमध्ये ती मुले केरळ, नायजेरिया, झिंबाब्वे, पाकिस्तान अशा ठिकाणांहून आलेल्या घरांतली आहेत, आणि तुमची दोन मुले आली की त्या वृद्ध माणसांना किती आनंद होईल, हे इथून सांगून कळणार नाही.

एक मोठा फरक मात्र आधीच ध्यानात ठेवा. आपल्याकडे एखाद्या घरी आजारपण आले की न सांगता चार बायका डबा घेऊन दारात उभ्या राहतात. इथे न बोलावता कोणी कोणाच्या घरी जात नाही, आणि ते न येणे म्हणजे कोरडेपणा नसून त्यांच्या दृष्टीने ती समोरच्याची कदर असते. माझा मोठा मुलगा रुग्णालयात होता तेव्हा मी एवढेच केले की रविवारी उपासनेनंतर चहाच्या टेबलाशी व्हिकारबाईंना, म्हणजे तिथल्या पाळकबाईंना, ते सांगितले. त्याच संध्याकाळपासून आळीपाळीने जेवण येऊ लागले. एका विधवा बाईंनी बटाट्याचा थर दिलेले मटण भाजून आणले होते. काचेच्या भांड्यावर फॉइल घट्ट बसवलेले, आणि भांडे परत करणे सोपे जावे म्हणून बुडाला कागदी चिकटपट्टीवर पेन्सिलीने त्यांचे नाव लिहिलेले होते. त्या आमच्या दारातूनच परत गेल्या, आत या म्हटले तरी आल्या नाहीत, पण मुलगा घरी येईपर्यंत त्यांनी नेम चुकवला नाही. तेव्हा इथे आपली गरज तोंडाने सांगावी लागते. आपल्या बायकांना हे फार जड जाते, मलाही गेले, तरीही सांगा.

मुलांसाठी चर्चमध्ये पुष्कळ काही असते, फक्त त्याची माहिती काढावी लागते. आठवड्यातल्या एखाद्या सकाळी चर्चच्या सभागृहात लहान मुले आणि त्यांच्या आया जमतात; मुलगा शाळेत जाऊ लागण्याआधी यजमानांनी त्याला तिथे न्यावे, शेजारपाजारच्या ओळखी तिथेच होतात. नाताळाआधीच्या आगमनकाळात आणि नाताळाच्या सुमारास अनेक चर्चमध्ये ख्रिस्तिंगल नावाची उपासना होते. प्रत्येक मुलाच्या हाती एक संत्रे देतात. संत्रे म्हणजे जग, त्याच्याभोवती बांधलेली लाल फीत म्हणजे ख्रिस्ताचे रक्त, चार काड्यांवर टोचलेला सुका मेवा आणि गोळ्या म्हणजे देवाने दिलेली फळे व ऋतू, आणि मधोमध पेटवलेली मेणबत्ती म्हणजे जगाचा प्रकाश. ही चाल मोरेव्हियन बंधू या जुन्या प्रोटेस्टंट पंथाकडे 1747 पासून आहे आणि चर्च ऑफ इंग्लंडमध्ये ती 1968 पासून आली. संपूर्ण सुवार्ता मुलाच्या मुठीत मावते, यापेक्षा चांगला पाठ मला तरी देता आला नसता. लेंट काळातील, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील, चौथ्या रविवारी मातांचा रविवार असतो आणि मुले आईला फुलांचा लहानसा गुच्छ आणून देतात. शब्बाथशाळेत शिकवण्याची तुमची इच्छा असेल तर जरूर पुढे व्हा, मात्र त्यासाठी सरकारी पडताळणी आणि बालसुरक्षेचे प्रशिक्षण घ्यावे लागते. ते सगळ्यांनाच लागू आहे, म्हणून मनाला लावून घेऊ नका.

याच विषयाला धरून एक गोष्ट स्पष्ट लिहिते. मुलांवर हात उगारण्याची सवय असेल तर ती तिकडेच सोडा. स्कॉटलंडमध्ये 2020 पासून आणि वेल्समध्ये 2022 पासून मुलांना मारण्यास पूर्ण बंदी आहे. इंग्लंडचा कायदा वेगळा असला तरी शाळेला शंका आली तर ती कळवणे शाळेचे कर्तव्यच असते, आणि परिचारिकेच्या नोंदणीच्या दृष्टीनेही ही गोष्ट गंभीर ठरते. आपल्या घरांतही न मारता मुले वाढू शकतात.

शाळेचे सांगायचे तर इंग्लंडमधील प्राथमिक शाळांपैकी सुमारे चौथा हिस्सा शाळा चर्च ऑफ इंग्लंडच्या आहेत आणि त्या सरकारी खर्चाने चालतात, फी नसते. तुमचा मुलगा चार वर्षांचा असल्याने तो चौथ्या वाढदिवसानंतरच्या सप्टेंबरपासून ‘रिसेप्शन’ या शाळेच्या सुरुवातीच्या वर्गात बसू शकतो. मुलीच्या बाबतीत अधिक सावध राहा, कारण माध्यमिक शाळेचा अर्ज इथल्या सहावीच्या वर्षी 31 ऑक्टोबरपर्यंत करावा लागतो, आणि ज्या चर्च-शाळांना मागणी जास्त असते त्यांपैकी काही जणी कुटुंब किती काळ नियमित उपासनेला येते याची व्हिकारकडून खात्री करून घेतात. शाळेसाठी चर्चला जावे असे मी म्हणत नाही. पण जाणारच आहात तर पहिल्या रविवारपासून जा.

आता तुमच्या नोकरीविषयी. पाळी साडेबारा तासांच्या आसपास असते आणि रविवारच्या कामाला जादा पैसे मिळतात. घरभाडे, पाळणाघर आणि गावी पाठवायची रक्कम यांचा हिशोब बसेना की रविवारची पाळी मागून घेण्याचा मोह होतो. माझ्या पाहण्यात विश्वास सुटण्याची सुरुवात वादातून किंवा वाईट संगतीतून फारशी झालेली नाही. ती या जादा पैशांतून झाली आहे. आधी आईचे जाणे बंद होते, मग एकटे बाबा मुलांना नेतात, मग मुले म्हणतात की आज नको. कामाच्या वेळा बदलून मिळाव्यात असा अर्ज पहिल्या दिवसापासून करण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. दर महिन्याला निदान दोन रविवार मोकळे मागा, कारण स्पष्ट लिहा, आणि त्याबदल्यात शनिवार किंवा रात्रपाळी घेण्याची तयारी दाखवा. नाताळाच्या दिवशी बहुतेक गावांत बस नसते आणि रेल्वेही बंद असते, तेव्हा त्या दिवशी ड्युटी आली तर चर्च आणि घर दोन्ही सांभाळण्याची जुळवाजुळव आधीच करून ठेवा.

यजमानांची काळजी तुम्ही केली आहे ती योग्यच आहे. त्यांना काम करण्याची परवानगी असेल, पण शिक्षकाची जागा लगेच मिळणार नाही. गोदामात किंवा दुकानात सुरुवात करावी लागेल. जो माणूस गावी पास्टरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीवर, होता, ज्याला लोक ‘सर’ म्हणत, त्याला इथे कोणी ओळखत नाही, ही वेदना पुरुष बोलून दाखवत नाहीत. त्यांना चर्चमध्ये लवकर काहीतरी जबाबदारी मिळू द्या. आमच्या यजमानांनी उपासनेत शास्त्रपाठ वाचण्याचे काम मागून घेतले. त्यांच्या सोलापुरी उच्चारांत यशया संदेष्ट्याचे पुस्तक ऐकून एका वृद्ध गृहस्थांनी दारात त्यांचा हात धरला आणि पुढच्या वेळी कधी वाचणार असे विचारले, तेव्हापासून त्यांचे चालणे-बोलणे बदलले. सभासदांच्या यादीत दोघांची नावे घाला, वर्षाच्या सभेला बसा, दशमांश इथल्या चर्चलाही द्या. पाहुणे म्हणून राहू नका.

तुमच्या मुलांना इथे दोन्हीकडून एकच आश्चर्य भेटेल. चर्चमधला कोणी प्रेमानेच विचारेल की तुम्ही ख्रिस्ती कधी झालात, आणि महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कोणी विचारेल की आडनाव तर मराठी, मग ख्रिश्चन कसे. मुलांना याचे उत्तर घरीच द्यायला हवे. नगरला मिशनचे काम 1831 मध्ये सुरू झाले, आपल्या पणजीच्या आधीपासून आपल्या घरात मराठीत प्रार्थना होते, पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ भाषांवरून मराठी बायबल केले आणि ते 1924 साली प्रसिद्ध झाले, हे मुलांना ठाऊक असले की ती गोंधळत नाहीत. महाराष्ट्र मंडळात जाऊ नका असे काही जण सांगतील. मी मात्र जा म्हणेन. दिवाळीच्या फराळाला जा, नाताळाला आपल्या करंज्या त्यांच्याकडे न्या, आणि आपण कोण आहोत ते मोकळेपणाने सांगा. मी मुलांना आमच्या गावच्या जुन्या कॅथेड्रलमध्येही वारंवार नेते. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री ते बॉम्बहल्ल्यात जळाले, छपराच्या दोन जळक्या तुळया बांधून क्रूस उभारला गेला, आणि त्या पडक्या भिंतीवर क्षमेचे शब्द कोरले गेले. सूड न घेण्याचा तो निर्धार पाहिल्यावर, हा गोऱ्या साहेबांचा धर्म आहे असे वर्गात कोणी म्हटले तरी मुलांना काय बोलावे ते कळते.

सासूबाईंना मात्र कायमचे आणता येईल अशी आशा धरू नका. तुमच्या व्हिसावर पती आणि मुले येऊ शकतात, आईवडील नाहीत. त्या भेटीच्या व्हिसावर सहा महिन्यांपर्यंत राहू शकतील. तेव्हा त्यांच्याजवळ कोण राहणार हे ठरल्याशिवाय तिकीट काढू नका, आणि हा निर्णय त्यांच्यासमोर बसून, त्यांच्यासह प्रार्थना करून घ्या.

राहिला शेवटचा प्रश्न. तुम्ही आधी एकट्या या. सुरुवातीच्या महिन्यांत परिचारिकेच्या नोंदणीसाठी प्रात्यक्षिक परीक्षा असते, राहायला बहुधा एकच खोली मिळते आणि घर शोधायचे असते. त्यात मुलांचे हाल होतात. परीक्षा झाली आणि घर मिळाले की लगेच तिघांना बोलवा, वर्षभर थांबू नका. जमल्यास ऑगस्टमध्ये बोलवा, म्हणजे सप्टेंबरमध्ये शाळा सुरू होताना मुले वर्गात पहिल्या दिवसापासून असतील. त्या मधल्या काळात तुम्ही इथे आणि ती तिथे, पण रात्रीची प्रार्थना फोनवर एकत्रच करा; इथली दुपार उलटत असते तेव्हा तिथली झोपायची वेळ होते, म्हणून दुपारच्या उशिराच्या सुट्टीत पंधरा मिनिटे बाजूला काढा. व्हिसाचे नियम सतत बदलत आहेत, तेव्हा एजंटाच्या शब्दावर न जाता ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा.

रुग्णालयाने गाव कळवले की ‘अ चर्च निअर यू’ या चर्च ऑफ इंग्लंडच्या संकेतस्थळावर तिथला पोस्टकोड टाकून जवळची चर्च पाहा, आणि निघण्यापूर्वीच तिथल्या व्हिकारना दोन ओळींचे पत्र लिहून चौघांची नावे कळवा. पत्र इंग्रजीत लिहिताना अडचण वाटली तर मला मजकूर पाठवा, मी पाहून देईन.

तुमची,
कॉव्हेंट्रीहून एक भगिनी