ऊस, बीट आणि न बसलेला गूळ : वाचकांचे प्रश्न

गूळ आपला आणि साखर इंग्रजांनी आणलेली, असं घरातली मोठी माणसं सांगतात. खरं आहे का?

नाही. दाणेदार साखर पहिल्यांदा भारतातच तयार झाली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी नावं ओळीने येतात. म्हणजे पातळ काकवीपासून दाण्यापर्यंतचे टप्पे तेव्हाच वेगळे ओळखले जात होते. इ.स. ६४७ मध्ये चीनच्या तांग सम्राट ताइझोंगने ही कृती शिकायला मगधात माणसं पाठवली होती. उपरा म्हणायचाच तर जाड, रसाळ ऊस उपरा आहे. तो लागवडीखाली आला न्यू गिनीत आणि आग्नेय आशियामार्गे इकडे पोचला.

जुनी रीत अशी : आटवलेला रवाळ पाक टोपलीत भरायचा आणि वर ओलं शेवाळ पसरायचं. शेवाळातून झिरपणारं पाणी दाण्यांवरची काकवी धुऊन खाली नेतं. वरचा पांढरा थर खरवडून घ्यायचा आणि पुन्हा शेवाळ घालायचं. पश्चिमेकडच्या देशांत शेवाळाच्या जागी ओली चिकणमाती असे. युरोपातून आपल्याकडे आली ती यंत्रं, त्यातही निर्वात कढई. तिच्यात पाक ६५-७० अंशांनाच उकळतो, त्यामुळे साखर करपत नाही.

मी जर्मनीत राहते. इथली साखर बीटची असते. रव्याच्या लाडवांच्या पाकाला ती चालेल का? आणि बीटचा गूळ का मिळत नाही?

बेलाशक चालेल. ऊस असो वा बीट, साखरेचा रेणू एकच. बर्लिनचा रसायनशास्त्रज्ञ मार्गग्राफ याने १७४७ मध्ये नेमकं हेच दाखवून दिलं. त्याचा शिष्य आखार्ड याने १८०२ मध्ये सायलेशिया प्रांतात बीटचा पहिला कारखाना चालू केला. ब्रिटिश आरमाराने कॅरिबियन साखरेची वाट अडवल्यावर नेपोलियनने १८११ मध्ये बीट लागवडीचा हुकूम काढला आणि युरोपात बीट रुजलं.

फरक आहे तो शुद्धतेचा. तिकडची साखर रिफाइंड असते, त्यामुळे पाकावर मळी येत नाही आणि दूध घालून ती काढावी लागत नाही. मात्र इतका शुद्ध पाक लवकर साखरतो. लिंबाचे चार थेंब टाका. एकतारीसाठी १०५-१०६ अंशांना आच बंद करा.

बीटचा रस आटवला तर त्यात क्षार आणि मातकट वास राहतो. ऱ्हाइनकाठी तसा पाक पावाला लावून खातात, पण गुळाची चव त्याला नाही.

आमच्या गुऱ्हाळातला गूळ यंदा चिकट झाला, ढेप धरतच नाही. गुळव्या (गूळ करणारा कारागीर) जुना आहे. चूक कुठे होतेय?

चिकट गूळ बहुतेक वेळा काहिलीत (रस आटवायच्या मोठ्या कढईत) नाही, फडातच बिघडलेला असतो. ऊस तोडला की साखर फुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊ लागतं. ही दोन्ही दाणा धरू देत नाहीत आणि हवेतली ओल ओढतात. तेव्हा तोडणीपासून २४ तासांच्या आत गाळप उरका, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. जळालेला, लोळलेला, किडीने पोखरलेला ऊस गुळाला घेऊ नका. वाढ्यांबरोबर (शेंड्याच्या पानांबरोबर) वरची दोन-तीन कोवळी कांडीही सोडा. रिफ्रॅक्टोमीटरवर (रसाची गोडी मोजायच्या उपकरणावर) ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या साखरेचं माप, २० च्या आसपास आणि शेंडा-बुडख्यातला फरक थोडा, असा ऊस पक्व समजावा. उशिरा टाकलेला युरिया आणि खारवट जमीन यांचा दोष पुढे कुठलीच भट्टी झाकू शकत नाही.

मग चुना. रसाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप) मुळात ५.२ ते ५.४ असतो, चुन्याच्या निवळीने तो ६.२-६.४ वर आणायचा. निवळी कमी पडली तर आंबट रसात साखर उकळतानाही फुटत राहते. जास्त झाली तर गूळ बसतो, पण काळवंडतो. सामूच्या पट्ट्या स्वस्त आहेत, अंदाजावर राहू नका.

भेंडीचा चिकट रस घालून पहिली मळी उकळी फुटायच्या आत काढा. उकळी आली की ती रसात मोडते, मग निघत नाही. १०५-१०६ अंशांना काकवी होते, ढेपेसाठी ११८ ते १२० लागतात. गुळव्या थंड पाण्यात गोळी टाकून बघतो ते ठीकच, पण थर्मामीटरही हवा. शेवटी पारा भराभर चढतो, त्यामुळे ११८ दिसताच आच ओढा. खाली उतरवल्यावर निवेपर्यंत घोटत राहिलं तर दाणा बारीक, एकसारखा येतो.

तुमच्याकडे आधी तोडणी आणि गाळप यांतलं अंतर मोजा. माझा पहिला संशय तिथेच आहे.

ब्राउन शुगर म्हणजेच खांडसरी ना?

नाही. बाजारातली बरीचशी ब्राउन शुगर म्हणजे पांढऱ्या साखरेवर पुन्हा मोलॅसिस, म्हणजे साखर काढल्यावर उरलेला काळपट पाक, चढवलेली. खांडसरीत रस उघड्या काहिलीत आटवतात आणि दाणे यंत्रात फिरवून वेगळे करतात, काकवीचा अंश मूळचाच राहतो. मधुमेहींनी दोन्ही पांढऱ्या साखरेइतक्याच मोजाव्यात.