टीव्ही-रेडिओवर राजकीय समतोलाची सक्ती म्हणजे सेन्सॉरशिप आहे का?

तुम्ही विचारलंय, टीव्ही-रेडिओला दोन्ही बाजू दाखवायला लावणं ही सेन्सॉरशिपच नाही का? माझ्या मते नाही. पण सक्ती वेळेची आहे की शब्दांची, ते आधी पाहावं लागतं.

आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीबरोबर बडगे, म्हणजे खटकणाऱ्या गोष्टींचे पुतळे, निघतात. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, पुढाऱ्यांचा बडग्या. त्याला कोणी समतोल मागत नाही. नाही पटला तर पुढच्या वर्षी तुम्ही तुमचा काढा, इतवारीचा रस्ता सगळ्यांना मोकळा आहे. प्रसारणाच्या लहरी तशा नाहीत. त्या मोजक्या, आणि परवाना असेल तोच बोलणार. अमेरिकेत १९४९ पासून स्टेशनांना वादाच्या विषयावर विरुद्ध बाजूही मांडावी लागायची. १९६९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ते याच कारणासाठी उचलून धरलं. या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही १९९५ मध्ये म्हटलं. यूट्यूबला मात्र मी हा नियम लावणार नाही. तो रस्ताच आहे.

तरी या नियमानं तोंड बंद होऊ शकतं, हे मी स्वतः पाहिलंय. इथल्या एका लोकल केबलच्या बातमीपत्रात मी काही वर्षं होतो. ‘समोरच्याचा बाईट (कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया) नाही, तर बातमी नाही’ असा आमच्याकडे दंडक होता. एका वस्तीत पाण्याचा टँकर येत नव्हता. बाया रिकामे गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, घेऊन कॅमेऱ्यासमोर बोलल्या. नगरसेवकानं तीन दिवस फोन उचलला नाही आणि बातमी चाललीच नाही. त्या बायांना काय सांगायचं, हे मला आजही सुचत नाही. न बोलणाऱ्याच्या हाती बातमी मारायचा अधिकार गेला होता. ‘विचारलं, उत्तर मिळालं नाही’ एवढं सांगून ती चालवायला हवी होती. अमेरिकेनं १९८७ मध्ये नियम काढला तेव्हाचा युक्तिवादही असाच होता: झंझट नको म्हणून स्टेशनं वादाचे विषयच टाळतात.

खरी सेन्सॉरशिप कुठे सुरू होते, ते आपल्याच निवडणुकीत दिसतं. मान्यताप्राप्त पक्षांना दूरदर्शन आणि आकाशवाणीवर फुकट वेळ मिळतो. काही वेळ सगळ्यांना सारखा, बाकीचा मागच्या मतांच्या हिशेबानं. ही वाटणी मला पटते. पण भाषण आधी लिहून मंजूर करून घ्यावं लागतं. मे २०२४ मध्ये माकपचे तेव्हाचे सरचिटणीस सीताराम येचुरींना सरकारच्या ‘जमातवादी एकाधिकारशाही’बद्दलचे शब्द गाळायला सांगितलं गेलं, फॉरवर्ड ब्लॉक पक्षाच्या जी. देवराजन यांना ‘मुस्लीम’ हा शब्द. विरोधकांना वेळ दिला, आणि त्यातून टीकेचे शब्दच काढायला लावले.

म्हणून मिनिटांची वाटणी राहू द्या, भाषणाच्या संहितेची तपासणी बंद करा. बोलण्यात गुन्हा असेल तर त्यासाठी कायदा आहे, तो प्रसारणानंतर लावता येतो.