शाळेनं तोंडी ‘नाही’ म्हटलंय? मग ते लेखी मागा

प्रश्न : नमस्कार बाई, मी तासगाव तालुक्यातनं लिहितेय. माझा मुलगा येत्या ऑक्टोबरला सहा वर्षांचा होईल, जवळच्याच एका इंग्लिश मीडियमला सिनियर केजीत आहे. त्याला बोलायला उशीर झालाय. तीन वर्षांचा होईपर्यंत आई, पपा, पाणी, गाडी एवढंच होतं, आता दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो पण बाहेरच्या माणसाला त्यातलं निम्मं कळत नाही. समजतं मात्र सगळं. बागेत औषध मारायच्या दिवशी पपांचे बूट कुठले, ट्रॅक्टरची चावी कुठं, आजीच्या सकाळच्या गोळ्या कुठल्या नि रात्रीच्या कुठल्या, सगळं त्याला ठाऊक. मागच्या आठवड्यात शाळेनं बोलावलं, मॅडमनी माझ्यासमोर त्याला नाव विचारलं, रंग विचारले, तो गप्प बसला, तर म्हणाल्या पहिलीला आम्ही घेणार नाही, मतिमंदांच्या किंवा मूकबधिरांच्या शाळेत बघा. मी रडतच घरी आले. सासूबाई म्हणतात त्याचा बाप पण उशिराच बोलला, वेखंड उगाळून चाटवा, देवळातल्या घंटेचं पाणी पाजा. मिस्टर म्हणतात कागदपत्रं काढत बसलो तर पोराला जन्माचा शिक्का बसेल. ऐकायला त्याला येतं, टीव्ही बारीक केला तरी लगेच कळतं, म्हणून कानाची तपासणी कधी केली नाही. सांगलीला चार महिने स्पीच थेरपी केली, मग द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली आणि जाणं बंद पडलं. आता भांडू, का दुसरी शाळा बघू?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला एक शब्द मी परत परत वाचला, मॅडमच्या बोलण्यातला ‘किंवा’. मतिमंदांच्या किंवा मूकबधिरांच्या. अहो या दोन पूर्ण वेगळ्या शाळा आहेत, एक बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी आणि दुसरी ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी (मूकबधिर नको, कर्णबधिर म्हणा, ती मुलं मुकी नसतात). दोन्हींत शिकवायची पद्धत वेगळी, शिक्षकांचं ट्रेनिंग वेगळं. ज्याला मुलाचं नेमकं काय आहे ते माहितीय तो ‘किंवा’ म्हणणार नाही. म्हणजे शाळेकडं तुमच्या मुलाबद्दल कुठलाही रिपोर्ट नाही, नुसता अंदाज आहे, आणि अंदाजावर कुणाच्या लेकराची शाळा बदलत नसतात.

पण शाळेकडं जायच्या आधी एक काम तुमच्याकडं आहे, आणि ते सांगताना मला माझी एक चूक सांगावी लागेल. मी कोरेगाव तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत असताना पहिलीत एक मुलगी आली होती, वर्गात काहीच बोलायची नाही, वही कोरी. दिवाळीपर्यंत मी वाट बघितली आणि तिच्या आईला सांगितलं की हिला वेगळ्या शाळेत घाला, हिला झेपणार नाही. आईनं ऐकून घेतलं, काही बोलली नाही. पुढं शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं तेव्हा कळलं की पोरीचे दोन्ही कान लहानपणापासनं फुटत होते, वाहत होते, आणि मागच्या बाकावरून तिला माझं निम्मं बोलणं ऐकूच जात नव्हतं. मी तिला नाव ठेवलं होतं आणि बाक बदलला नव्हता. हे आजही आठवलं की घसा दाटतो.

म्हणून पहिलं, कान तपासा. टीव्ही ऐकतो, हाक ऐकतो, यावरून ऐकणं पूर्ण आहे असं ठरत नाही. काही मुलांना जाड आवाज ऐकू येतात पण स, श, फ असे बारीक उच्चार पोचत नाहीत, काहींच्या कानाच्या पडद्यामागं पाणी साठलेलं असतं आणि सर्दी झाली की ऐकणं कमी होतं, बरी झाली की वाढतं, त्यामुळं घरच्यांना संशयच येत नाही. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा सांगली सिव्हिलच्या कान-नाक-घसा विभागात केसपेपर काढून सांगा की मुलाला बोलायला उशीर आहे, ऐकण्याची तपासणी करायचीय. या वयाचं मूल खेळत खेळत ऑडिओमेट्री देऊ शकतं, आवाज आला की ठोकळा डब्यात टाक असं. नाहीच बसला शांत तर झोपेत बेरा टेस्ट करतात, म्हणजे आवाज कानातनं मेंदूपर्यंत पोचतो का ते मशीनवर बघतात, ती दुखत नाही.

दुसरं, स्पीच थेरपिस्टकडनं परत एकदा पूर्ण तपासणी आणि लेखी अहवाल. आणि तो अहवाल नुसता ‘बोलण्यात विलंब’ एका ओळीचा नको. त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहून मागा, त्याला भाषा समजते किती आणि तो बोलतो किती. तुम्ही लिहिलेली ती गोळ्यांची, चावीची उदाहरणं थेरपिस्टला सांगा, ती फार मोलाची आहेत, समज चांगली असल्याची खूण आहे ती. थेरपिस्टनं सुचवलं तर बुद्धीची चाचणी पण करून घ्या, पण ती न बोलता करता येईल अशी, म्हणजे चित्रं जुळवणं, ठोकळे लावणं, नाहीतर बोलता येत नाही म्हणून मार्क कमी आणि मार्क कमी म्हणून मतिमंद, असं व्हायला वेळ लागत नाही. थेरपिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदलेला आहे ना ते विचारा, विचारण्यात अपमान काही नाही.

आता शाळा. भांडू का, असं विचारलंय, तर भांडण नको, पण गप्प पण बसायचं नाही. शाळेनं जे सांगितलं ते तोंडी सांगितलंय. लक्षात घ्या, तोंडी सांगितलेलं उद्या कुणी म्हटलेलंच नसतं. त्यामुळं तुम्ही एक साधा अर्ज मराठीतच लिहा, साधारण असा :

‘माझा मुलगा आपल्या शाळेत सिनियर केजीमध्ये शिकत आहे व या वर्षी पहिलीच्या वयात बसतो. अमुक तारखेला आपण त्याला पहिलीत घेता येणार नाही असे तोंडी सांगितले. कृपया हा निर्णय व त्याची कारणे लेखी द्यावीत. सोबत श्रवण तपासणी व स्पीच थेरपिस्टचा अहवाल जोडला आहे. त्यात सुचवलेल्या सोयी वर्गात मिळाव्यात व त्याबाबत बोलण्यासाठी मला वेळ द्यावा.’

दोन प्रती काढा, एक ऑफिसात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. खूप ठिकाणी मी बघितलंय की लेखी कारण द्यायची वेळ आली की बोलण्याचा सूरच बदलतो, कारण ‘मूल नीट बोलत नाही’ हे प्रवेश नाकारायचं कारण म्हणून कागदावर लिहिता येत नाही हे त्यांनाही ठाऊक असतं.

का लिहिता येत नाही ते पण सांगते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, जो १ एप्रिल २०१० पासनं लागू आहे, त्याच्या कलम १३ मध्ये प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घ्यायला बंदी आहे. नाव विचारलं, रंग विचारले, गप्प बसला म्हणून नाही म्हटलं, ही चाळणीच झाली, आणि त्याला पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत नि पुढं दर वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही, तेवढं आधी विचारून घ्या. शिवाय २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्याचं कलम १६ सांगतं की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेनं दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि त्याच्या गरजेप्रमाणं सोयी करायच्या. आणि ज्याची अक्षमता ४० टक्के किंवा जास्त आहे अशा ६ ते १८ वयाच्या मुलाला कलम ३१ प्रमाणं जवळची शाळा का विशेष शाळा, हे निवडायचा हक्क आहे, निवड त्याची, शाळेची नाही.

मिस्टरांच्या शिक्क्याच्या भीतीबद्दल. त्यांना सांगा की जवळच्या शाळेत पहिलीला बसायला कुठलंही दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. उलट दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषा दोषाची जी व्याख्या आहे ती मेंदूच्या किंवा शरीराच्या कारणानं आलेल्या कायमच्या दोषाची आहे, त्यामुळं नुसतं उशिरा बोलणाऱ्या मुलाला ते प्रमाणपत्र मिळेलच असंही नाही. तपासणीत दुसरं काही निघालं, ऐकण्यातला दोष किंवा ऑटिझम, तर मग प्रमाणपत्राचा आणि यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) विचार करा, त्यानं सवलती मिळतात, पोराचं काही जात नाही. तपासणीचा रिपोर्ट आणि प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, रिपोर्ट तुमच्या फाईलला राहतो. शिक्का रिपोर्टानं बसत नाही हो, वर्गात कुणी ‘मुका’ म्हटलं आणि बाईंनी ते ऐकून सोडून दिलं की बसतो.

शाळेत भेटायला जाल तेव्हा दोघं जा, आणि सोयी म्हणजे काय ते नेमकं सांगा. ‘जरा लक्ष द्या’ म्हणून उपयोग नाही, चाळीस पालक तेच म्हणतात. पुढच्या बाकावर बसवा. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबा, मग दुसऱ्याकडं वळा. ‘हे काय आहे’ ऐवजी ‘हा लाल का निळा’ असं विचारा. तोंडी परीक्षेत बोट दाखवून, चित्र निवडून उत्तर चालू द्या. पाणी, शू, पोटात दुखतंय, मला मारलं, अशी चार चित्रं दप्तराला अडकवू द्या. चित्रं दिली की मूल बोलायचा आळस करेल असं काही शिक्षकांना वाटतं, तसं होत नाही, सांगता आलं की मुलाची चिडचिड कमी होते आणि शब्द यायला मदतच होते. गॅदरिंगला स्टेजवर बोलायची सक्ती नको, पण नाचातनं त्याला वगळू पण नका. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर तीच पोच जोडून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज द्या. तिथंच गट साधन केंद्रात समग्र शिक्षा या सरकारी योजनेतले समावेशित शिक्षणाचे (म्हणजे अशा मुलांना नेहमीच्याच शाळेत शिकता यावं म्हणून मदत करणारे) विशेष शिक्षक असतात, त्यांना भेटा, मुलाला घेऊनच जा. त्याच्या वर सांगली जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी. शिक्षण हक्काची लेखी तक्रार आली की स्थानिक प्राधिकरणानं दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निकाल द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडं अपील आहे.

आता माझं स्वतःचं मत, पटलं तर घ्या. हक्क त्याच शाळेत राहायचा आहेच, पण ती शाळा त्याच्यासाठी चांगली आहे का ते वेगळं बघा. घरात मराठी आणि शाळेत इंग्लिश, यामुळं बोलायला उशीर होतो असं नाही, दोन भाषांमुळं मूल मागं पडत नाही, तो दोष स्वतःकडं घेऊ नका. पण ज्याला आपल्याच भाषेत वाक्य जुळवायला कष्ट पडतात त्याला गणित पण परक्या भाषेत शिकायला लावायचं का, हा विचार मी तरी करीन. गावातली जिल्हा परिषद शाळा एकदा बघून या. पटसंख्या किती, पहिलीच्या बाई कोण, मधल्या सुट्टीत बाजूला बसलेल्या मुलाशी त्या कशा बोलतात, तिथं अर्धा तास बसून बघा. तिथं घातलं म्हणजे हार झाली असं मुळीच नाही. आणि विशेष शाळा पण वाईट नसते, ज्या मुलाला तिची गरज आहे त्याचं तिथं भलं होतं. ते ठरायचं ते रिपोर्ट बघून, थेरपिस्ट, बाई आणि तुम्ही दोघं एका टेबलाला बसून.

वेखंड नको. चाटवून वाचा येत नाही, उलट्या होऊ शकतात. घंटेच्या पाण्यावरनं सासूबाईंशी वाद घालू नका, स्वच्छ पाणी असेल तर पाजू देत, पण त्यांना एक काम द्या, रोज संध्याकाळी नातवाला जवळ घेऊन एक गोष्ट, तीच तीच, हळू, शेवटचा शब्द त्याच्यासाठी मोकळा सोडून. आणि थेरपी या आठवड्यात परत सुरू करा, सीझनमध्ये येणं जमत नसेल तर थेरपिस्टला तसं सांगून महिन्यातनं दोनदाच जा आणि मधल्या दिवसांचा अभ्यास लिहून आणा. पूर्ण बंद करू नका.

प्रश्न : आम्ही आजी-आजोबा कराडला, नात अडीच वर्षांची आमच्याकडंच असते, मुलगा-सून पुण्यात नोकरीला. ती जेमतेम दहा शब्द बोलते. सून म्हणते डॉक्टरला दाखवा, आम्ही म्हणतो शाळेत घातली की आपोआप बोलेल. कुणाचं बरोबर?

उत्तर : आजोबा, या वेळी सूनबाईंचं बरोबर आहे. दोन वर्षांच्या आसपास मुलं पन्नासेक शब्द बोलतात आणि दोन शब्द जोडतात, ‘बाबा ये’, ‘दूध दे’. अडीचला दहा शब्द म्हणजे थांबायचं नाही, कान आणि वाचा दोन्ही दाखवायचं. अंगणवाडीत नाव घातलेलं असेल तर तिथं वर्षातनं दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ताईंना तारीख विचारून ठेवा, पण त्याची वाट बघत बसू नका, आधी डॉक्टर. शाळेत मुलं मुलांकडनं शिकतात हे खरं, पण आत्ता तिच्याशी सगळ्यात जास्त वेळ तुम्ही दोघं असता. मोबाईलवरची गाणी बंद करा. भाजी निवडताना, अंगणात पाणी मारताना जे करताय ते तिला मोठ्यानं सांगत राहा, आणि तिनं बोट दाखवलं की लगेच वस्तू देऊ नका, शब्द म्हणा, थोडं थांबा, ती काही आवाज काढतेय का बघा, मग द्या. तपासणी झाली की काय निघालं ते मला परत लिहा.