दक्षिण टेक्सासच्या लीझवर शिंगं वाजवली, पण नर आलाच नाही. काय चुकलं?

तुम्ही विचारलंय की कोटुलाजवळ मित्राच्या डियर लीझवर, म्हणजे हरणांच्या शिकारीसाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीवर, सीझन उघडला त्याच शनिवार-रविवारी बसलात, रॅटल बॅग (नरांच्या झुंजीत शिंगं आपटतात तसा आवाज काढणारी पिशवी) आणि ग्रंट कॉल (नराच्या हुंकाराची शिट्टी) भरपूर वाजवला, एक तरणा नर लांबून बघून गेला आणि बाकी कोणी फिरकलं नाही. मग आवाज काढण्यात काही चुकतंय का?

आवाज बहुधा ठीकच असेल. शिंगं एकमेकांवर आपटायला माणूस दहा मिनिटांत शिकतो. चुकली ती तारीख, आणि तुम्ही पुढे जे वर्णन केलंय त्यावरून वारा. मी अकरा वर्षं या काटेरी झुडपात हरणांमागे फिरतेय आणि या दोन गोष्टी अंगवळणी पडायला मला तीन सीझन लागले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तारीख. व्हाइटटेल, म्हणजे इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या, नराच्या शिंगांवरची मखमल उन्हाळा सरताना गळते. तेव्हापासून नर शिंगाला शिंग लावून एकमेकांची ताकद जोखतात, पण ती नुसती ढकलाढकली असते. जीव खाऊन झुंजतात ते माद्या माजावर यायला लागल्या की. इथले लोक त्या काळाला ‘रट’ म्हणतात आणि टेक्सासात तो सगळीकडे एकाच वेळी येत नाही. राज्याच्या वन्यजीव खात्याने याचा अभ्यास केलेला आहे. आखाती किनाऱ्याच्या उत्तर भागात रटचा भर सप्टेंबरअखेरीलाच असतो, हिल कंट्रीत, म्हणजे मध्य टेक्सासच्या डोंगराळ भागात, बराचसा नोव्हेंबरात, आणि तुमच्या कोटुलाकडे थेट डिसेंबरच्या मध्यापासून नाताळपर्यंत. सीझन मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो. म्हणजे तुम्ही गेलात तेव्हा थोराड नरांच्या डोक्यात अजून मादी शिरलेलीच नव्हती. जो तरणा आला तो कुतूहलापोटी आला. दक्षिण विभागात जानेवारीच्या मध्यापर्यंत शिकार चालते, तेव्हा रजा डिसेंबरसाठी राखून ठेवा.

किती जोरात वाजवायचं, यावर लोक तासन् तास वाद घालतात. त्याचंही उत्तर आहे. १९९० च्या दशकात सिंटनजवळच्या वेल्डर वाइल्डलाइफ रेफ्यूजमध्ये हरणांचे अभ्यासक मिकी हेलिक्सन यांनी मोजून प्रयोग केले. एक माणूस खाली झुडपात शिंगं वाजवायचा आणि दुसरा उंच मनोऱ्यावरून कोण येतंय ते टिपायचा. हळू वाजवण्यापेक्षा जोरात वाजवल्यावर जवळजवळ तिप्पट नर आले. कारण सरळ आहे, आवाज जेवढा लांब जाईल तेवढ्या जास्त कानांवर पडेल.

पण त्याच्याही आधी एक अट असते. तुमच्या लीझवर एका नरामागे पाच-सहा माद्या दिसत असतील, तर नराने झुंजीला का यावं? त्याला न भांडता मादी मिळते. नर-मादी बरोबरीच्या आसपास आहेत आणि चार-पाच वर्षांचे नर राखलेले आहेत, अशाच रानात रॅटलिंगला, म्हणजे शिंगं वाजवून नर बोलावण्याला, जोर असतो. दक्षिण टेक्सासच्या मोठ्या रँचेसवर ते इतकं चालतं, त्यामागे हेच आहे. मित्राला विचारा, गेल्या काही वर्षांत माद्या किती मारल्या.

आता वारा. झुंजीचा आवाज ऐकून थोराड नर क्वचितच नाकासमोर चालत येतो. तो वळसा घालून आवाजाच्या वाऱ्याखाली, म्हणजे वारा जिकडे वाहतो त्या बाजूला, जातो आणि नाकाने खात्री करतो. तुम्ही लिहिलंय की पुढ्यात फीडर (हरणांसाठी दाणे टाकणारं यंत्र) होता आणि वारा तुमच्याकडून डावीकडच्या गच्च झुडपाकडे जात होता. म्हणजे जो कोणी आला असेल तो त्या झुडपात आला, त्याला तुमचा वास लागला आणि तुम्हाला पान हललेलंही न दिसता तो परत गेला. वाऱ्याखाली मोकळी जागा हवी. सेंडेरो, म्हणजे झुडपातून काढलेली ती सरळ पट्टी, वाऱ्याखालच्या अंगाला येईल असं बसा. दोघं असाल तर वाजवणारा वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि बंदूक घेतलेला त्याच्याखाली साठ-सत्तर पावलांवर, जरा बाजूला. दोघांनी एकमेकांची जागा आधी डोळ्यांनी पाहून ठेवायची.

तीन वर्षांपूर्वीची सकाळ सांगते. डिसेंबरचा तिसरा आठवडा, ढगाळ, वारा पडल्यातच जमा, निवडुंगाच्या पानांवर दहिवर गोठलेलं. मी मेस्किटच्या काटेरी झाडाच्या बुंध्याशी टेकून बसले होते. आधी शिंगांची टोकं हलकेच किणकिणवली, मग मिनिटभर जोरात आपटली, पिळली, मध्येच फांदी मोडली, टाचेने खडी उकरली. थांबले. अठरा मिनिटं काही नाही. मग सेंडेरोच्या पलीकडे एक सुकी काडी मोडली आणि तो बाहेर आला. मान खांद्याएवढी फुगलेली, कान मागे पाडलेले, मानेवरचा केस न् केस उभा, मागच्या पायांच्या सांध्यांशी केस काळे पडलेले. चालत होता तोही तिरपा, पाय ताठ टाकत, शेजारी कोणी असल्यासारखा अंग दाखवत. पंचवीस पावलांवर थांबला आणि त्याने नाक वर केलं. त्या नाकपुड्यांची हालचाल मला दिसत होती. काळजाचे ठोके कानात ऐकू येणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

ती अठरा मिनिटं लक्षात ठेवा. बहुतेक जण दहाव्या मिनिटाला उठतात. अर्धा तास तरी हलू नका.

ग्रंट कॉलचं काम निराळं आहे. तो लांबच्याला बोलावण्यासाठी कमी आणि दिसणाऱ्याला वळवण्यासाठी जास्त. नर जात असेल, पाठमोरा असेल, तेव्हा एक-दोन आखूड, खालच्या पट्टीतले हुंकार. तो तुमच्याकडे बघत असताना अजिबात नाही, आवाजाची जागा त्याला बरोबर कळते. उलटा केला की मादीसारखा बेंबटणारा डबा रटच्या ऐन दिवसांत बरा. स्नॉर्ट-व्हीज, म्हणजे नाकाने फुरफुरून शेवटी लांब सुस्कारा, ही थेट धमकी असते. त्याने थोराड नर चवताळून येतो आणि तरणा पळून जातो, म्हणून मी तो शेवटचा उपाय म्हणून ठेवते.

रॅटल बॅग वाईट नाही, पण मला खरी शिंगं आवडतात. मध्यम आकाराची, त्याच वर्षी गळलेली. उन्हात वर्ष-दोन वर्षं पडलेल्यांचा आवाज बद्द येतो. बुडाजवळची टोकं कापून घासून घ्या, नाहीतर बोटं सोलून निघतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. झुंजीचा आवाज ऐकून नर येतो तसा दुसरा शिकारीही येतो. सार्वजनिक जमिनीवर भगवा जॅकेट-टोपी सक्तीची आहे, खासगी लीझवर नाही, तरी घाला. हरणाच्या डोळ्याला तो रंग आपल्यासारखा भडक दिसत नाही, त्यामुळे शिकारीचं काही बिघडत नाही. झुडूप हललं म्हणून बंदूक उचलायची नाही, पूर्ण जनावर दिसल्याशिवाय दुर्बिणीनेच बघायचं. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशन सक्तीचं आहे, ते केलं नसेल तर आधी ते करा.

तुम्ही जाता जाता चितळांबद्दल विचारलंय. हो, हिल कंट्रीत जे ‘ॲक्सिस’ दिसतात ते आपलेच चितळ, १९३२ च्या सुमारास टेक्सासात आणलेले. परदेशी जनावर म्हणून त्यांना ठरावीक सीझन नाही. त्यांचा मस्तीचा काळ उन्हाळ्यात असतो, तेव्हा डिसेंबरात त्यांच्यासाठी शिंगं वाजवू नका. माझं बालपण चंद्रपूरचं. पहिल्यांदा केरव्हिलजवळ जूनच्या पहाटे चितळ नराची ती घोगरी आरोळी ऐकली तेव्हा मी गाडी रस्त्याकडेला घेऊन काचा खाली केल्या आणि नुसती ऐकत राहिले.

डिसेंबरची तारीख ठरली की लीझचा कच्चा नकाशा आणि त्या दिवशी वारा कुठून असेल ते इथेच लिहा. सेंडेरो कुठे आहेत ते कळलं की कुठे बसायचं ते नक्की सांगते.